पीळ

रात्री दोनला विघ्नेश उठून बसला.
"पोट दुखूलालंय, बा."
पोटच म्हणाला.
गुडघे छातीशी, एक हात चादरीखाली,
आणि तो हात मी बघून न बघितल्यासारखा केला.
ओवा दिला मीठ लावून. मोरीत ओकला.
सकाळी बघू म्हटलं. सकाळी बीम चढवायचा होता.

वडगावात आमच्या गल्लीत
रात्रीही एखादा माग चालू असतोच.
त्या खटखटीत पोराचं कण्हणं
बसून गेलं, चुकीच्या रंगाचा धागा
नक्षीत बसून जातो तसं.

आठला गल्लीतला डॉक्टर. तिथंही पोटच सांगितलं.
गॅसचं इंजेक्शन, साठ रुपये.
मोठ्या दवाखान्यात पोचायला अकरा वाजले.
डॉक्टर मुळगुंद, बाई,
माझ्या पुतणीच्या वयाची.
"एल्लि नोवु?" कुठं दुखतं?

सीमेवरची माणसं आम्ही.
दोन भाषांत भांडतो, दोन भाषांत उधारी मागतो,
पाट्यांवरून डोकी फोडतो.
त्या जागेसाठी मात्र माझ्याकडं
एकीतही शब्द नव्हता.
होते ते सगळे शिव्यांतले.
शेवटी पोरगंच बोललं, भिंतीकडं बघून,
"खाली. डाव्या गोटीत."

बाईंनी सरळ अंड म्हटलं, कोंबडीचं म्हणावं तसं.
"वर ओढलं गेलंय. दोरीला पीळ पडलाय,
रक्त पोचत नाही. कधीपासून?"
दोनपासून.
त्यांनी घड्याळाकडं बघितलं.
"सहा तास असतात हातात," म्हणाल्या.
एवढंच.

पीळ. मला सांगता?
जन्म गेला माझा पीळ बघण्यात.
कमी पडला तर सूत तुटतं,
जास्त पडला तर स्वतःभोवतीच वेटोळं घेतं.
सुंभ जळतो, पीळ जात नाही, म्हणत आलो.
इथं सुंभ आतल्या आत जळत होता
आणि मी ओवा चोळत होतो.

एक काढलं. दुसरं टाके घालून जागेवर बांधलं,
तेही फिरू नये म्हणून.
"एक पुरतं," बाई म्हणाल्या,
"लग्नाला, पोरांना, मिशीला, सगळ्याला."

महिन्यानं चहाच्या वेळी मागावर सांगितलं. सगळं.
आधी कुणी खोकलं. कुणी कांडी बदलायला उठलं.
मग लुमाण्णा म्हणाला, बीम उचलताना
जांघेत फुगा आलाय, सात वर्षं
लंगोटानं दाबून ठेवलाय.
मौलासाबचा मुतखडा होता म्हणे वर कमरेत,
कळ मात्र तिथं उतरायची, मेलोच म्हणून रडलेला.
भरतेशचे विसाव्या वर्षी गालगुंड उतरले
आणि सूज खाली गेली.
एकानं, नाव सांगत नाही, लघवीला जळजळ, ताप, सगळं भोगलं,
आणि बायको विचारेल म्हणून
गोळ्या अर्ध्यावर सोडल्या.
माझंही निघालं मग. पंधरा वर्षं,
संध्याकाळी उभं राहून राहून खाली ओढ लागते,
हाताला गुंतलेल्या सुतासारखं लागतं,
आडवा झालो की जातं.
शिरा फुगल्यात, बाई म्हणाल्या. एवढंच होतं ते.
पंधरा वर्षं मी त्याला पाप समजत होतो.

"आणि दुखत नसेल तर?"
अनंत कितूरकर. तळहातावर कप फिरवत.
"दुखत काहीच नाही. कडक गाठ आहे नुसती.
हरभऱ्याएवढी होती गणपतीत."
कुणी हसलं नाही.
उद्या घेऊन जातोय त्याला. बीम राहू दे.

ताण्यातला एक धागा तुटला
तर माग आपोआप थांबतो,
प्रत्येक धाग्यावर तशी तार असते.
आमच्यात बसवायची राहिली कुणाकडून तरी.

विघ्नेश कांड्या भरतोय. चालताना अजून जरा जपतो.
काल म्हणाला, "वर्गात पोरांना सांगितलं मी."
"काय सांगितलंस?"
"दुखलं तर घड्याळ बघा म्हणून."